विमानाच्या पंखाचे लवणे

विमानाच्या पंखाचे लवणे म्हणजे उड्डाणात पंखाची टोके मुळाच्या मानाने वर उचलली जाणे होय. हवेचे उत्थापक बल पंखभर पसरलेले असते, वजनाचा मोठा भाग मात्र मध्यभागी धडात असतो; त्यामुळे पंख तुळईप्रमाणे वाकतो. केवळ मागे झुकलेले पंख लवतात, सरळ पंख ताठ राहतात, हा समज चुकीचा आहे. ग्लायडरसारख्या विमानांचे पंख सरळच, पण लांब व सडपातळ असल्याने उड्डाणात वर लवलेले दिसतात. सेसना १७२ चा पंखही सरळ आहे. तो आखूड असून तिरक्या टेकूने धडाशी जोडलेला असल्याने त्याचे लवणे सहसा जाणवत नाही. वरील समज बहुधा अशा विमानांवरूनच रूढ झाला असावा.

खरा फरक परिणामात आहे. मागे झुकलेला पंख वर लवला की टोकाशी हवेला भिडण्याचा कोन कमी होतो व तेथील भार उतरतो. सरळ पंखात निव्वळ लवण्याने हा कोन बदलत नाही. पंख पिळला गेला तरच बदलतो. नासाचे सुमारे ७५ मीटर पंखविस्ताराचे मानवरहित 'हेलिओस' विमान २६ जून २००३ रोजी हवाई बेटांजवळ अशांत हवेत सापडले. त्याचा सरळ पंख प्रमाणाबाहेर लवला, विमान अनियंत्रित हेलकावे घेऊ लागले आणि हवेतच मोडले.

घरगुती संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरांत ही हालचाल बहुधा दृश्यापुरती असते: भारानुसार चित्र वाकते, गणितात पंख ताठच धरला जातो. त्यामुळे सेसनाचे फडफडणारे पंख जितके अवास्तव, तितकेच ग्लायडरचे ताठ पंखही.