न मिसळणाऱ्यांचा मध्यस्थ



बैलगाडीची धाव, मोडका फाळ, गंजलेले खिळे, असे काहीही जालन्याच्या भट्टीत टाकले तरी शेवटी लोखंडाचा एकच रस होतो. म्हणून ‘वितळले की एक झाले’ अशी आपली समजूत असते. प्लॅस्टिक ही समजूत खोटी ठरवते. दुधाची पिशवी पॉलिथिनची आणि खताच्या पोत्याचा धागा पॉलिप्रॉपिलिनचा, दोन्ही चिवट. पण एकत्र वितळवून ओतली, तर तयार होणारा तुकडा ठिसूळ निघतो. असे का व्हावे आणि माणसाने त्यावर काय तोड काढली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९२० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी असे मत मांडले की, रबरासारखे पदार्थ म्हणजे हजारो कड्यांच्या लांब साखळ्या होत. पुष्कळ विद्वानांना ते पटले नाही. १९५३ साली मात्र त्याच कार्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४१-४२ च्या सुमारास फ्लोरी आणि हगिन्स या दोघा अमेरिकनांनी स्वतंत्रपणे अशा साखळ्यांच्या मिश्रणाचे गणित मांडले. साखरेचे कण सुटे असतात, म्हणून ते पाण्यात वाटेल तिथे विखुरतात. साखळीची कडी शेजारच्या कडीला बांधलेली. तिला विखुरण्याची मोकळीक थोडी. म्हणून दोन जातींच्या साखळ्यांत किंचित दुरावा असला, तरी त्या वेगळ्या होण्यास तेवढा पुरतो. एकीचे थेंब दुसरीत अडकून राहतात, थेंबांच्या कडेला पकड नसते, आणि भेग नेमकी तेथूनच जाते.

उपायाचे तत्त्व आपल्या न्हाणीघरात होतेच. तेल आणि पाणी जुळत नाहीत, पण साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ३ जानेवारी १९५० रोजी उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाचेच पंडित होते. साबणाचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात, हे त्यांनी १९१३ सालीच सांगितले होते.

प्लॅस्टिकसाठीही असाच मध्यस्थ लागतो. अर्धी साखळी एका जातीची, अर्धी दुसऱ्या जातीची अशी जोडून घेतली, की ती दोघांच्या सीमेवर बसते, थेंब बारीक ठेवते आणि कडा शिवून टाकते. दुसरी रीत म्हणजे मध्यस्थ यंत्रातच घडवावयाचा. रबराला मॅलेइक अॅनहायड्राइड नावाच्या रसायनाचे कलम केले, तर वितळलेल्या नायलॉनच्या टोकाशी त्याचा रासायनिक सांधा जुळतो. अति चिवट नायलॉन असेच निघाले. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन ही जोडी मात्र फार हट्टी. अमेरिकेतील कोट्स आणि बेट्स यांच्या गटांनी दोन्ही जातींचे तुकडे आलटून पालटून जोडलेली साखळी तयार केली, आणि तिचा शेकडा एक भाग घातला तरी ठिसूळ मिश्रण चिवट होते, असे २०१७ साली दाखविले.

आता ज्यांनी ही विद्या पुस्तकाविना मिळविली त्यांच्याकडे वळू. भंगार निवडणारी बाई प्लॅस्टिक पाण्यात टाकून पाहते. पाण्याच्या बाटलीचे आणि पीव्हीसीच्या नळाचे तुकडे बुडतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन दोन्ही तरंगतात. तेथे पाणी निवाडा करीत नाही. मग ती चुरगाळून आवाज ऐकते, बोटाने ताणून पाहते. शास्त्रज्ञांना छळणारी जोडी तीच, आणि ती बोटांनी ओळखणारी हीच. अशा कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली पुण्यात उभी राहिली, आणि त्यांना ओळखपत्रे मिळाली.

कामगार चळवळीत वावरलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो तो असा, की मिश्र मालही चालू लागला, तर निवडीचा भाव पाडला जाईल काय? उत्तर रसायनशास्त्रातच आहे. प्रत्येक जोडीला तिचा वेगळा मध्यस्थ लागतो, त्याला पैसे पडतात, आणि भलतीच जात मिसळली तर तो निकामी ठरतो. म्हणजे निवड संपत नाही. उलट ती अचूक असावी लागते. कारखानदाराला मिश्रणातून अधिक मोल मिळू लागले, तर त्यातला वाटा निवडणाऱ्या हाताला मिळालाच पाहिजे. रेणू जोडण्याची युक्ती माणसाने शोधली आहे. हा हिशेब जुळविणे मात्र आपल्याकडे आहे.