आजीच्या काळजातलं बोट

"डॉक्टरानं माझ्या काळजात बोट घातलं बघ," असं आजी सांगायची आणि आम्ही पोरं हसायचो. गेल्या महिन्यात उचगावच्या घरी आत्याची फाईल तयार करताना आजीचे मुंबईतले जुने कागद सापडले. ती थाप नव्हती.

लहानपणी घसा धरतो, त्यातून कधीकधी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी केली. मुलगी वाचली, पण इतर डॉक्टरांनी त्यांच्याकडे पुन्हा असा रुग्ण पाठवलाच नाही. फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांचे चार रुग्ण दगावले. १० जून १९४८ला पाचवी रुग्ण वाचली आणि ही शस्त्रक्रिया रुळली.

मुंबईच्या केईएममधले डॉ. प्रफुल्लकुमार सेन आपल्याला आठवतात ते १९६८च्या देशातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणासाठी. पण त्या काळात हृदयशल्यविशारदांचं रोजचं काम होतं ते हे, चिकटलेली झडप बोटानं उघडण्याचं.

अडचण शिकण्याची होती. आत काय लागतंय, ते फक्त त्या बोटाला कळायचं. शेजारी उभ्या शिकाऊ डॉक्टरला काय दिसणार?

पुढे जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. १९९६मध्ये फ्रान्सच्या आलँ कार्पेंतिए यांनी बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून, कॅमेऱ्याच्या मदतीनं झडप दुरुस्त केली. आता आतलं सगळ्यांना पडद्यावर दिसू लागलं.

तरी दिसणं म्हणजे येणं नव्हे. लांब अवजारांनी, अरुंद वाटेतून टाके घालायचे असतात. जर्मनीतल्या लाइपत्सिगच्या एका केंद्रानं ३,८९५ शस्त्रक्रिया तपासल्या. हात बसायला साधारण ७५ ते १२५ शस्त्रक्रिया लागतात आणि तो टिकवायला आठवड्याला एकीहून जास्त, असं २०१३मध्ये त्यांनी छापलं. म्हणून तर आधी सिम्युलेटरवर आणि डुकराच्या हृदयावर सराव करतात. माझ्या कामात चुकलेला कोड मागे घेता येतो. इथे ती सोय नाही.

आत्याची झडप गळतेय. घरात सगळे विचारत होते, छेद केवढा? मी डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही आठवड्याला अशा किती करता?"

ते रागावले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी आकडा सांगितला.