गावठी कट्टा : बुलढाणा जिल्हा

लहान भट्टीवर, हाताने घडवलेले विनापरवाना पिस्तूल. बुलढाणा जिल्ह्यात त्याची वाट सातपुड्यातून उतरते. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहेत आणि तिथल्या खकनार तहसिलीतले पाचोरी गाव बेकायदा पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. गावातील शिकलीगर कुटुंबे पिढीजात शस्त्रे घडवणारी. सोनाळा-टुनकी पट्ट्यात पोलिसांनी देशी पिस्तुले व जिवंत काडतुसे वेळोवेळी पकडली आहेत.

शाळेपर्यंत : बंदूक शाळेत पोचते ती दोन वाटांनी. पहिली घरातून जाते. 11 डिसेंबर 2007 रोजी गुडगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी गोळ्या घालून ठार केले. पिस्तूल एकाच्या वडिलांचे होते. 31 जुलै 2024 रोजी बिहारच्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतल्या मुलाने दप्तरातून बंदूक आणली आणि तिसरीतल्या मुलाच्या हाताला गोळी लागली.

दुसरी वाट कट्ट्याची. डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्यात बारावीच्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांचा जीव घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये उत्तराखंडातील काशीपूर येथे विद्यार्थ्याने डब्यात लपवून आणलेल्या कट्ट्यातून शिक्षकावर गोळी झाडली.

कायदा : शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवान्यासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण हवीत. पिकांच्या राखणीसाठी शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणूक यांवर भर दिला. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बेकायदा निर्मितीला किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरवली.

अधिक कडक कायद्याची गरज : कायदा कडक केल्याचा उपयोग होतो, हे इतरत्र दिसले आहे. 1996 मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन येथील शाळेत 16 मुले व एक शिक्षिका मारली गेली. त्यानंतर ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्याच वर्षी पोर्ट आर्थरमध्ये 35 जणांचे बळी गेल्यावर ऑस्ट्रेलियाने सुमारे 6.5 लाख बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या.

भारतात मात्र परवान्याची चौकट आधीच घट्ट आहे. कट्टा तिच्या बाहेर बनतो. म्हणून कडकपणा भट्टी, दलाल आणि काडतुसांचा पुरवठा यांच्यापर्यंत पोचला पाहिजे. सातपुड्याच्या दोन्ही बाजूंच्या पोलिसांनी एकत्र तपास करावा आणि शिकलीगर तरुणांना त्यांच्या लोहारकामाच्या कौशल्यावर कायदेशीर रोजगार मिळावा. घरच्या शस्त्राबाबत निष्काळजी राहणाऱ्या परवानाधारकालाही जबाबदार धरले जावे. परवान्याची मुदत 2019 मध्ये 3 वर्षांवरून 5 वर्षे झाली आहे. त्यामुळे नूतनीकरणाची वाट न पाहता मधल्या काळातच घरी जाऊन शस्त्र कुलूपबंद आहे का, हे तपासण्याची सक्ती नियमांत हवी.