घरातला समुद्र

समुद्र घरात आणण्याचे खूळ काही माझ्यापासून सुरू झालेले नाही. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलले ते थेट लंडनला नेले. आता लंडनच्या घरात समुद्र कुठला? बाईंनी तोड काढली. उघड्या खिडकीपाशी अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचे, म्हणजे त्यात हवा मिसळते. ओतायला अर्थातच मोलकरीण! पुढे बाईंनी समुद्रशेवाळ सोडले, तेव्हा कुठे तिच्या हातांचा भार हलका झाला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि घरोघरी काचेच्या टाक्या आल्या.

मी पहिल्याच दिवशी टाकीत दोन जोकर मासे सोडले. चौथ्या दिवशी दोघेही गेले. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो पचवणारे जिवाणू टाकीत नांदायला महिनाभर तरी लागतो, हे मागाहून वाचले. दोन जीव माझ्या घाईने गेले, हे काही केल्या मनातून जाईना.

मग महिनाभर थांबून प्रवाळ आणले. पाणी आटले, की वर खारे पाणी ओतत होतो. प्रवाळ मिटून बसले.

"लोणचं घालताय का?" सौ.ने विचारले.

खरेच होते! आटते ते पाणी. मीठ टाकीतच राहते. गोडे पाणी घालून हळूहळू खारटपणा उतरवला, तेव्हा प्रवाळ उमलले.

ॲनाबाईंचे नाव इतिहासात आहे. मी तूर्त मोलकरणीच्या हुद्द्यावर आहे.