हार्लेम मीर
न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सुमारे ११ एकरांचा कृत्रिम तलाव. हौशी मासेमारीचे सार्वजनिक ठिकाण. ‘मीर’ म्हणजे डच भाषेत तळे. उद्यानाच्या ईशान्य कोपऱ्यात, हार्लेम वस्तीला लागूनच तो असल्याने गळ टाकायला शहराबाहेर जावे लागत नाही, हे त्याचे खरे मोल. काठावरच्या डेना नावाच्या केंद्रातून हंगामात बांबूची काठी उसनी मिळते. आमिष म्हणून मक्याचा दाणा. पाण्यात ब्लूगिल, लार्जमाउथ बास हे मासे आहेत. गळाला उलटा काटा चालत नाही, त्यामुळे गळ माशाच्या तोंडातून अलगद निघतो. शिशाची वजने विषारी म्हणून वर्ज्य. पकडलेला प्रत्येक मासा लगेच पाण्यात सोडावा लागतो. सोळा वर्षे व त्यापुढील व्यक्तींना राज्याचा परवाना लागतो.