गाविलगडचा गंडभेरुंड

वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क हा मूळचा कानडी हिंदु. विजयनगरच्या युद्धांत तो लहानपणीं कैद झाला व मुसलमान म्हणून वाढला, असें इतिहासकार फेरिस्ता लिहितो. १४९० च्या सुमारास त्यानें एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, स्वतंत्र राज्य मांडलें. गाविलगडाच्या दिल्ली दरवाज्यावरील गंडभेरुंडांत कित्येकांस त्याच्या मूळ देशाची खूण दिसते.

पण त्याला परत फिरावेंसें वाटलें असतें तर? इस्लामच्या परंपरागत धर्मशास्त्रांत धर्म सोडणाऱ्या पुरुषास देहान्ताची शिक्षा होती. आणि हिंदु समाजाचें दारही सहसा बंदच असे. म्हणूनच १६७६ त शिवाजी महाराजांनीं नेताजी पालकरास स्वधर्मांत घेतलें, ही गोष्ट मोठी.

१० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत धर्म बदलण्याचें स्वातंत्र्य नमूद झालें. सौदी अरबस्तान तटस्थ राहिलें. पाकिस्तानच्या जफरुल्लाखानांनीं मात्र कुराणाच्याच आधारें त्याचें समर्थन केलें. पुढें १९७४ त त्यांचा अहमदिया पंथ त्यांच्याच देशानें इस्लामबाह्य ठरविला.

धर्म धरणें वा सोडणें हें ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचें काम आहे. तें राजाच्या किंवा जमावाच्या हातीं गेलें कीं आज दुसऱ्यावर आलेली वेळ उद्यां आपल्यावरही येते.