शिरोवस्त्राची साक्ष

वस्त्रें जीर्ण होतात. त्यांतही डोक्यावरील तलम वस्त्रें सर्वांच्या आधीं. सतराव्या शतकांतील युरोपीय स्त्रियांच्या टोप्या व ओढण्या आज फार थोड्या उरल्या आहेत. त्यांची ओळख राहिली ती मुख्यतः तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या चित्रांत. पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईनें त्यावर चित्र रेखाटावयाचें आणि उघड्या पडलेल्या रेषा तेजाबानें खोदून घ्यावयाच्या, अशी ही कला. तींत वेन्सेस्लास होलार याचा हात धरणारा त्या काळीं क्वचितच होता.

प्राग येथें १६०७ सालीं जन्मलेला हा चित्रकार अर्ल ऑफ अरुंडेल यांच्या पदरीं राहून १६३६ मध्यें लंडनला आला. १६४० सालीं त्यानें इंग्रज स्त्रियांच्या वेषांची २६ चित्रांची मालिका काढली. तींत सरदारघराण्यांतील स्त्रीपासून खेड्यांतील बाईपर्यंत सर्व थर आहेत. पुढें युरोपांतील निरनिराळ्या नगरांच्या स्त्रियाही त्यानें अशाच चितारल्या. हीं चित्रें पाहतांना ध्यानांत येतें कीं, त्या समाजांत स्त्रीचें मस्तक हेंच तिचें ओळखचिन्ह होतें. दरबारी तरुणीचें मस्तक उघडें, कुरळ्या बटा कानांवर सोडलेल्या. लंडनच्या व्यापाऱ्याच्या पत्नीच्या केसांवर पांढरी लिननची टोपी व तिच्यावर रुंद कांठाची हॅट. अँटवर्पच्या गृहिणीचा काळा झगा थेट डोक्यावरून खालीं सोडलेला. १६४३ च्या 'हिवाळा' या चित्रांतील स्त्रीनें तर तोंडही काळ्या मुखवट्याखालीं झांकलें आहे. तरी हातांतील केसाळ कातड्याच्या मफवरून तिची सुखवस्तु स्थिति लपत नाहीं.

होलार १६७७ मध्यें वारला, आणि पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या 'मर्क्यूर गालाँ' या नियतकालिकांत वेषांचीं चित्रें येऊं लागलीं. येथें चित्राचें कार्यच पालटलें. लोक काय घालतात तें होलार दाखवी. लोकांनीं काय घालावें तें पॅरिसचे छापणारे दाखवूं लागले. १६८० च्या सुमारास शिकारींत चौदाव्या लुईची प्रिया फोंतांज हिची टोपी उडाली, तिनें केस फितीनें बांधले आणि तें राजाला आवडलें, अशी आख्यायिका आहे. ती १६८१ मध्यें वारली. पण तिच्या नांवाचें शिरोभूषण तारेच्या आधारानें लेस व फितींचे मजले चढवीत वाढतच गेलें. बोनार बंधूंसारख्यांच्या छापील चित्रांत त्याचीं नवीं नवीं रूपें झळकत राहिलीं. पुढें राजाला तें नकोसें झालें. तरी त्याच्या शब्दानेंही तें खालीं येईना, असें सेंत-सिमाँ यानें आपल्या स्मृतिग्रंथांत नमूद केलें आहे.

होलारच्या चित्रांतील स्त्रीला आपलें शिरोवस्त्र बदलण्याची मुभा फारशी नव्हती. पॅरिसचीं चित्रें न्याहाळणाऱ्या स्त्रीला तें न बदलण्याची मुभा उरली नाहीं. पहिलीवर रूढीचा अंमल, दुसरीवर बाजाराचा. या दोहोंमध्यें स्वतःच्या मस्तकावर तिची स्वतःची सत्ता किती काळ चालली, हा प्रश्न तीं सुंदर चित्रें पाहतांना वाचकांनींही मनाशीं विचारावा.